‘म्हणे’चा लोप : मानसशास्त्रीय रहस्यकादंबरीच्या वाचनाविषयी

रहस्यकथेचा वाचक एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत असतो : हे कृत्य कोणी केले? लेखकाने दडविलेली असते ती घटना किंवा त्या घटनेचा कर्ता. कथेच्या अखेरीस पडदा दूर होतो, कर्त्याचे नाव कळते आणि वाचकाचे कुतूहल शमते. मानसशास्त्रीय रहस्यकादंबरीचा प्रश्न मात्र निराळा आहे. येथे निवेदन करणारी व्यक्तीच स्वतःला विचारीत असते : हे मीच केले काय? आणि मी केले असे मला वाटत असेल, तर ते मला कोठून कळले? पहिल्या प्रकारात रहस्य घटनेत असते. दुसऱ्या प्रकारात ते ज्ञानाच्या उगमात असते. हा भेद लक्षात घेतला नाही, तर या कादंबऱ्यांचे वाचन केवळ उत्कंठेपुरते उरते व त्यांतील खरा आशय हातातून निसटतो.

हा प्रकार सर्वस्वी नवा आहे असे नव्हे. विल्की कॉलिन्सच्या 1868 मधील ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत हिऱ्याचा शोध घेण्यात पुढाकार घेणारा फ्रँकलिन ब्लेक यानेच तो हिरा काढून नेलेला असतो. त्याच्या नकळत त्याला अफू दिली गेली होती व त्या अमलाखाली केलेल्या कृत्याची त्याला यत्किंचितही आठवण नव्हती. वेन बूथ यांनी 1961 मध्ये ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली. तथापि अविश्वसनीय निवेदक म्हणजे खोटे बोलणारा निवेदक एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. जो प्रामाणिकपणे बोलतो, परंतु ज्याच्या बोलण्यात दुसऱ्याचीच वाक्ये मिसळलेली आहेत, अशा निवेदकाचा विचार त्यामानाने कमी झालेला आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका निवेदिकेच्या भाषेचे परीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी पॉला हॉकिन्स यांची 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ ही कादंबरी निवडली आहे. विवेचनाच्या ओघात कादंबरीचा शेवट उघड करावा लागला आहे, हे प्रारंभीच सांगणे इष्ट होय.

कादंबरीची रचना अशी. रेचेल ही घटस्फोटित स्त्री दररोज सकाळी आगगाडीने लंडनला जाते व संध्याकाळी परतते. वस्तुतः तिची नोकरी सुटलेली आहे. ज्या मैत्रिणीच्या घरी ती राहते तिला हे कळू नये म्हणून हा प्रवास चालू असतो. मूल न झाल्याचे दुःख व त्यातून जडलेले मद्याचे व्यसन यांनी तिचा संसार मोडला, अशी तिची समजूत आहे. गाडी एका सिग्नलपाशी थांबते तेव्हा रुळांलगतच्या एका घरातील जोडपे तिला दिसते. त्यांना ती मनानेच नावे देते व त्यांच्या सुखाची एक कथा रचते. त्याच रस्त्यावर काही घरे सोडून तिचा पूर्वीचा पती टॉम आपली दुसरी पत्नी अॅना व तान्ही मुलगी यांच्यासह राहत असतो. 2013 च्या जुलै महिन्यातील एका शनिवारी रात्री त्या जोडप्यातील स्त्री, मेगन, नाहीशी होते. त्याच रात्री रेचेल त्या भागात गेली होती. ती जखमी अवस्थेत घरी परतली. आणि त्या रात्रीचे तिला काहीही आठवत नाही. रेचेल, मेगन व अॅना या तिघी आपापली हकिगत प्रथमपुरुषात, दिनांक देऊन सांगतात. मेगनचे निवेदन मात्र एक वर्ष आधीपासून सुरू होते व हळूहळू त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत येऊन पोहोचते.

रेचेलच्या मनावरील सर्वांत मोठा भार त्या एका रात्रीचा नाही. वैवाहिक जीवनातील अशा अनेक रात्री तिच्या स्मृतीतून पुसल्या गेलेल्या आहेत आणि त्या रात्री आपण काय केले हे दुसऱ्या दिवशी तिला टॉमकडून कळत असे. त्यांतील एक प्रसंग मध्यवर्ती आहे. एकदा मद्याच्या नशेत तिने गोल्फची काठी टॉमवर उगारली, तो वाचला, परंतु भिंतीच्या गिलाव्यात खळगा पडला, असे तिला सांगण्यात आले. खळगा तर डोळ्यांसमोर होता. तिने क्षमा मागितली, स्वतःची लाज वाटून घेतली आणि पुढे ‘मी त्याच्यावर काठी उगारली’ हे वाक्य तिच्या आत्मचरित्राचाच एक भाग बनले.

या वाक्याचा इतिहास मराठीत मांडून पाहिला असता तो विशेष स्पष्ट होतो. मूळ वाक्य टॉमचे आहे : ‘तू माझ्यावर काठी उगारलीस.’ रेचेलने ते स्वीकारले तेव्हा त्याचे पहिले रूप असे व्हावयास हवे होते : ‘मी म्हणे त्याच्यावर काठी उगारली.’ मराठीतील ‘म्हणे’ हा छोटासा शब्द फार महत्त्वाचे कार्य करतो. सांगितलेली गोष्ट वक्त्याने स्वतः अनुभवलेली नाही, ती ऐकीव आहे, अशी सूचना तो देतो. तृतीयपुरुषी वाक्यात तो सर्रास येतो : ‘ते गाव म्हणे उठून गेले.’ प्रथमपुरुषी वाक्यात मात्र त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. ‘लहानपणी मी म्हणे फार रडत असे’, ‘तापात मी म्हणे काहीबाही बोलत होते’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो. ज्या काळी वक्ता स्वतःचा साक्षी नव्हता – शैशव, निद्रा, ज्वर, मूर्च्छा, मद्याचा अंमल – त्या काळाविषयी बोलतानाच ‘मी’ व ‘म्हणे’ एकत्र नांदू शकतात.

रेचेलच्या बाबतीत कालांतराने ‘म्हणे’ गळून पडले. ‘मी म्हणे काठी उगारली’ याचे ‘मी काठी उगारली’ असे रूपांतर झाले. या दुसऱ्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या काहीही उणे नाही. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद कर्माप्रमाणे चालते. हरवली आहे ती केवळ उगमाची खूण. संपूर्ण कादंबरीचे रहस्य या एका शब्दाच्या लोपात सामावलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भाषाशास्त्रात या प्रश्नाचा विचार पूर्वीपासून झालेला आहे. रोमान याकबसन यांनी 1957 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात बल्गेरियन भाषेच्या आधारे, वक्त्याच्या माहितीचा उगम दर्शविणारी एक स्वतंत्र व्याकरणिक कोटी मानली. तिला मराठीत ‘ज्ञानस्रोतदर्शक’ कोटी म्हणता येईल. तुर्की भाषेत ती भूतकाळाच्या प्रत्ययांतच दिसते. ‘गेल्दी’ म्हणजे तो आला आणि ते वक्त्याने पाहिले. ‘गेल्मिश’ म्हणजे तो आला असे वक्त्याने ऐकले अथवा खुणांवरून ताडले. हा दुसरा प्रत्यय प्रथमपुरुषी येतो तेव्हा वक्त्याला त्या क्रियेचे भान नव्हते असा अर्थ निघतो : ‘उयुमुशुम’, म्हणजे ‘मला झोप लागली होती असे दिसते’. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील तारियाना या भाषेत तर पाहिलेले, अन्य इंद्रियांनी जाणलेले, अनुमानिलेले, गृहीत धरलेले व ऐकलेले असे पाच भेद क्रियापदाला दाखवावे लागतात. इंग्रजीत किंवा मराठीत असे बंधन नाही. या भाषांत उगमाची खूण ऐच्छिक आहे आणि जे ऐच्छिक असते ते गळून जाऊ शकते. अर्थात प्रत्ययाची सक्ती असलेल्या भाषेतही मनुष्य फसविला जाऊ शकतोच. परंतु तेथे प्रत्येक वाक्यागणिक ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, एवढा फरक उरतो.

व्याकरणातील या कोटीचे मानसशास्त्रीय प्रतिरूपही आहे. मार्सिया जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये स्मृतीच्या ‘उगमनिरीक्षणा’चा सिद्धांत सविस्तर मांडला. आठवणीवर तिच्या उगमाचा शिक्का कायमचा मारलेला नसतो. ती पाहिलेली, ऐकलेली की कल्पिलेली, याचा निर्णय मनाला आठवताना घ्यावा लागतो आणि तो चुकू शकतो, असा त्याचा सारांश होय. दुसऱ्याचा शब्द आठवणीत किती खोल शिरू शकतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या 1974 मधील प्रयोगांनी दाखविले. मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवून प्रेक्षकांना मोटारींचा वेग विचारण्यात आला. प्रश्नातील क्रियापद मात्र बदलत ठेवले. मोटारी एकमेकींवर आदळून चुराडा झाल्याचे सूचित करणारे क्रियापद वापरले तेव्हा उत्तराची सरासरी ताशी 40.8 मैल आली; त्या केवळ एकमेकींना लागल्या असे सूचित करणारे क्रियापद वापरले तेव्हा ती 31.8 मैल आली. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, फुटलेली काच दिसली होती काय, असे विचारण्यात आले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही ‘चुराड्या’चा प्रश्न विचारलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी होकार दिला, साध्या ‘धडके’चा प्रश्न विचारलेल्या 50 जणांत ही संख्या 7 होती आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या 50 जणांत 6. एका अनोळखी प्रश्नकर्त्याच्या एका क्रियापदाने इतके घडत असेल, तर ज्या पतीवर आपला विश्वास आहे त्याने वर्षानुवर्षे उच्चारलेल्या वाक्यांनी काय घडत नसेल!

मद्यजन्य स्मृतिलोपाच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये मद्यासक्त रुग्णांच्या मुलाखतींवरून त्याचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात काही तासांचा संपूर्ण काळ नष्ट होतो. त्या काळाची स्मृती मुळात तयारच झालेली नसल्यामुळे ती पुढे परत येत नाही. दुसऱ्या प्रकारात तुकडे उरतात व योग्य खूण मिळाल्यास त्यांतील काही जुळून येतात. रेचेलची स्मृती कादंबरीत तुकड्यातुकड्यांनी परतते, ती या दुसऱ्या प्रकारात बसते. रिकामी जागा दोन्ही प्रकारांत असतेच. आणि रिकाम्या जागेत जो प्रथम वाक्य ठेवतो, त्याचा तीवर ताबा बसतो. टॉमचे सामर्थ्य त्याच्या बाहुबलाइतकेच या ताब्यात आहे.

अशा छळाला इंग्रजीत ज्या कलाकृतीवरून नाव पडले ती म्हणजे पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 1938 मधील ‘गॅस लाइट’ हे नाटक. त्यावरील 1944 चा जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित चित्रपट विशेष गाजला. त्यातील पती पत्नीला तिच्या इंद्रियांविषयीच साशंक करतो. गॅसची ज्योत मंद झालेली तिला दिसते, परंतु तो तिचे अनुभव भ्रम ठरवीत जातो. दोन्ही कृतींतील फरक सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. नाटकातील पत्नी साक्षी आहे व तिची साक्ष नाकारली जाते. रेचेल त्या रात्रींची साक्षी नाही. म्हणून तिच्या तोंडी साक्ष घातली जाते. पहिलीला निदान ‘मी पाहिले’ असे म्हणण्याची जागा उरते. दुसरीला तीही उरत नाही.

मेगनचे रहस्य याच्या उलट टोकाला आहे. तरुणपणी तिला एक मूल झाले होते. एका रात्री त्या तान्ह्या मुलीला घेऊन ती न्हाणीच्या टबात पडली असता तिला झोप लागली आणि मूल पाण्यात बुडून मरण पावले. येथे विस्मरण नाही. असह्य असे स्मरण आहे. रेचेलला आपली कृती ठाऊक नाही, तर मेगनला ती विसरता येत नाही व कोणाला सांगताही येत नाही. मराठी वाक्यरचना या ठिकाणी अर्थपूर्ण ठरते. ‘मला झोप लागली’ या वाक्यात झोप कर्तृपदी आहे व ‘मला’ चतुर्थीत. जे घडले ते त्या स्त्रीच्या इच्छेने घडलेले नाही, हे व्याकरण स्वतःच सांगते. परंतु अपराधी मन ही सवलत स्वीकारीत नाही. ते प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू करते. आघाताच्या भाषेची दोन रूपे येथे शेजारीशेजारी दिसतात : एकीच्या माथी दुसऱ्याने कर्तृत्व मारले आहे, दुसरीने ते आपण होऊन ओढवून घेतले आहे.

मेगनच्या निवेदनात आणखी एक व्याकरणिक आडोसा आहे. आपल्या प्रियकराचा उल्लेख ती अनेक ठिकाणी केवळ सर्वनामाने करते. कमाल अब्दिच या मानसोपचारकाशी तिची जवळीक असल्याचे वाचकाला ठाऊक असते, म्हणून ते सर्वनाम वाचक त्याच्याकडे लावतो. प्रत्यक्षात कित्येकदा ते टॉमचे असते. इंग्रजीत हा आडोसा फुकट मिळतो. मराठीत ही कथा सांगावयाची झाल्यास आरंभीच पेच पडेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा उल्लेख ‘ते आले, ते म्हणाले’ असा होणे स्वाभाविक, तर प्रियकराचा ‘तो आला, तो म्हणाला’ असा. एका अनुस्वारहीन, निरुपद्रवी वाटणाऱ्या आदरार्थी बहुवचनाने रहस्य फुटावयाचे! दोघांनाही ‘तो’ म्हणावे, तर डॉक्टरांशी असलेले नाते ‘ते’वरून ‘तो’वर केव्हा आले, हे दाखविणे भाग पडेल. भाषा काय लपवू देते आणि काय उघड करावयास लावते, हे प्रत्येक भाषेत वेगळे असते, याचे हे बोलके उदाहरण होय. 2016 मधील अमेरिकी व 2021 मधील हिंदी चित्रपटांपुढील अडचण याहून निराळी होती. खोटी आठवण पडद्यावर दाखवावयाची तर तीही चित्ररूपानेच दाखवावी लागते. आणि चित्राला ‘म्हणे’ जोडण्याची सोय नाही.

रेचेलची सुटका कशी होते? गोल्फच्या काठीचा प्रसंग ती पुनःपुन्हा तपासते तेव्हा एक विसंगती तिच्या ध्यानी येते. काठी उगारणाऱ्याच्या मनात क्रोध असावयास हवा. तिच्या आठवणीत क्रोध सापडत नाही, भय सापडते. अंग चोरून खाली बसलेल्या व्यक्तीचे भय! वाक्य टॉमचे आहे, भावना मात्र तिची स्वतःची आहे आणि त्या दोहोंचा अन्वय लागत नाही. मराठीत ‘मी तो प्रसंग आठवला’ व ‘मला तो प्रसंग आठवला’ या दोन रचनांत जो फरक आहे तो येथे उपयोगी पडतो. पहिलीत प्रयत्न आहे, जुळवाजुळव आहे. दुसरीत आठवण आपणहून चालत येते. इतके दिवस रेचेल सांगितलेला प्रसंग ‘आठवीत’ होती. आता तिला तो ‘आठवला’. मग त्या शनिवारची रात्रही उलगडते. रेल्वेखालच्या भुयारी मार्गात तिला मारणारा टॉमच होता आणि त्याच्या मोटारीत बसलेली जी स्त्री तिला अॅना वाटली होती, ती मेगन होती.

परंतु येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आपणहून चालत आलेली आठवण खरीच असते, असा नियम नाही. तिच्याबरोबर येणारी तीव्र भावना हेही सत्याचे प्रमाण नव्हे. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांतील काचही पाहणाऱ्यांना प्रामाणिकपणेच आठवली होती. जी स्मृती एकदा दुसऱ्याच्या शब्दांनी घडली, ती दुसऱ्यांदा स्वतःच्या इच्छेने घडणार नाही कशावरून? हॉकिन्स यांनी या आक्षेपाला मार्मिक उत्तर दिले आहे. निर्णायक पुरावा रेचेलच्या स्मृतीतून येत नाही. तिच्याशी वैर धरणाऱ्या अॅनाला टॉमच्या व्यायामाच्या पिशवीत एक फोन सापडतो आणि त्यात मेगनचा आवाज ऐकू येतो. दोन स्त्रिया, दोन स्वतंत्र वाटा आणि एकच निष्कर्ष. भावना शोधाला दिशा देते, प्रामाण्य देत नाही. प्रामाण्यासाठी दुसरा उगम लागतो. हा भेद न्यायालयात जितका मोलाचा आहे, तितकाच वाङ्मयाच्या वाचनातही.

कादंबरीचा शेवट या दृष्टीने अधिकच विचार करावयास लावणारा आहे. अखेरच्या झटापटीत रेचेल बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू टॉमच्या मानेत खुपसते. अॅना जवळ जाते. ती त्याला वाचवावयास गेली असे पाहणाऱ्यास वाटावे, परंतु तो स्क्रू ती आणखी आत पिळते. नंतर पोलिसांपुढे दोघींची हकिगत जुळते व आत्मसंरक्षण एवढेच तिचे स्वरूप उरते. अर्थात जी कथा एका पुरुषाने रचलेल्या वाक्यांतून मुक्त होण्याची होती, तिचा शेवट दोन स्त्रियांनी मिळून रचलेल्या वाक्यांत होतो. जगण्यासाठी रेचेलला उगमाची खूण परत मिळवावी लागली आणि जगत राहण्यासाठी दोघींना आणखी एक खूण पुसावी लागली. लेखिकेने यावर निवाडा दिलेला नाही. रहस्य संपलेले नाही. त्याचे मालक तेवढे बदलले आहेत, आणि या खेपेस वाचकही त्यांत सामील आहे.

अशा कादंबऱ्यांना केवळ करमणुकीचे वाङ्मय मानून अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे एक मूलभूत प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेला दिसतो. मनुष्य स्वतःविषयी जी वाक्ये बोलतो त्यांतील बरीचशी त्याने इतरांकडून घेतलेली असतात. बालपणाविषयीची तर बहुतेक सगळीच, आणि ती मायेने दिलेली असतात, म्हणून त्यांतील ‘म्हणे’ गळाले तरी काही बिघडत नाही. परंतु तीच प्रक्रिया दुष्ट हेतूने राबविली, तर एका व्यक्तीचे सारे आत्मज्ञान दुसऱ्याच्या हाती जाते. यास्तव प्रत्येक प्रथमपुरुषी विधानापाशी क्षणभर थांबून येथे ‘म्हणे’ होते काय, आणि असल्यास ते कोणी पुसले, हा प्रश्न विचारणे, एवढीच या कादंबरीच्या वाचनाची पद्धती होय. रेचेलला तो प्रश्न सुचावयास कित्येक वर्षे लागली; आणि ज्या दिवशी तो सुचला, त्या दिवसापासून ती आपल्या वाक्यांची धनीण झाली.